कॅक्टस अडीच वर्षांतच का आटोपला?

प्रश्न असा आला आहे: १९७० च्या सुमारास अमेरिकेत कॅक्टस नावाचा एक हार्ड रॉक बँड होता, त्याला इंग्लंडच्या गाजलेल्या लेड झेपेलिन बँडवरून 'अमेरिकेचा लेड झेपेलिन' म्हणायचे. वादक एकापेक्षा एक तालेवार. तरी अडीच वर्षांत त्यांनी गाशा का गुंडाळला? आणि आज ऐकायचं झालं तर त्यांचं नेमकं काय ऐकावं?

मी ड्रम्स वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे उत्तर ड्रमच्या स्टुलावरून येणार हे गृहीत धरा. गिटारवाले वेगळं सांगतील, त्यांचंही ऐका.

सगळे आधी जेफ बेक या इंग्रज गिटारवादकाच्या मोटार अपघाताचं सांगतात, कारण ती गोष्ट रंगवून सांगता येते. मला ते अर्धंच पटतं. या बँडमध्ये गाणं लिहिणारा माणूस नव्हता. जे दोघे बँडचा कणा होते त्यांची खरी विद्या दुसऱ्याचं गाणं घेऊन त्याचा पार कायापालट करण्याची होती, आणि ती त्यांनी कॅक्टसच्या आधीपासून कमावली होती. त्या विद्येवर एक-दोन रेकॉर्ड जबरदस्त निघतात. पाचव्या-सहाव्या रेकॉर्डपर्यंत जायचं तर घरची गाणी लागतात.

ते दोघे म्हणजे बासवादक टिम बोगर्ट आणि ड्रमर कार्माइन अपीस. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर व्हॅनिला फज नावाचा बँड होता, त्यातले हे. सुप्रीम्स या गायिकांच्या त्रिकुटाचं 'यू कीप मी हँगिन ऑन' हे नाचाच्या चालीचं, पळतं गाणं फजनं घेतलं, त्याची लय निम्म्यावर आणली, ऑर्गन जड केला, मध्ये भल्यामोठ्या जागा सोडल्या आणि त्याचं एखाद्या शोकांत नाटकासारखं काहीतरी करून टाकलं. ते १९६७ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या दहात जाऊन बसलं. त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये बीटल्सचीही गाणी याच पद्धतीनं भाजून काढलेली आहेत. ऑर्गनवर मार्क स्टाइन, गिटारवर व्हिन्स मार्टेल. पण बँड पुढे ढकलणारी माणसं मागच्या रांगेत होती.

झेपेलिनशी तुलना कुठून आली तेही इथेच कळतं. २६ डिसेंबर १९६८ ला डेन्व्हरमध्ये लेड झेपेलिन अमेरिकेत पहिल्यांदा वाजले, तेव्हा जाहिरातीत मोठं नाव होतं व्हॅनिला फजचं. झेपेलिनला तिथे कोण ओळखत होतं? पुढेही दोन्ही बँड एकत्र फिरले. त्या फिरतीत झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनमनं अपीसचा लडविग कंपनीचा सेट पाहिला. किक ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, २६ इंची, म्हणजे तेव्हाच्या रिवाजापेक्षा चांगलाच मोठा. तसाच आपल्यालाही हवा म्हणून बॉनमनं त्याला गळ घातली आणि अपीसनं लडविगकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. बॉनमच्या ज्या किकच्या धडाक्यावर आज लोक लेख लिहितात, त्या आकाराचा रस्ता या मधल्या माणसाकडून गेलेला आहे. ड्रमरांच्या गप्पांत ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की आता कुणी सुरू केली की मी चहा सांगतो.

आता जेफ बेक. १९६९ मध्ये व्हॅनिला फज न्यूयॉर्कमध्ये कोका-कोलाची जाहिरात ध्वनिमुद्रित करत होते. मार्टेल आजारी पडला आणि त्याच्या जागी बेकला बोलावलं. जाहिरात राहिली बाजूला, बेक, बोगर्ट आणि अपीस या तिघांची भट्टी मात्र जमली. बेकचा पहिला ग्रुप त्याच उन्हाळ्यात फुटला होता. त्यातला गायक रॉड स्टुअर्ट मोकळाच होता. तेव्हा बेत ठरला: बेक, स्टुअर्ट, बोगर्ट, अपीस. ही चौकडी कागदावर वाचली तरी आजही रॉकवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

१९६९ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये मेडस्टनजवळ बेकच्या गाडीला अपघात झाला. कवटीला मार लागला. मोटारींचं त्याचं वेड तसं सर्वश्रुत होतंच. तो दीर्घकाळ वादनापासून लांब राहिला. स्टुअर्टनं रॉनी वुडबरोबर स्मॉल फेसेस या बँडचा रस्ता धरला आणि तो बँड फेसेस झाला. इकडे व्हॅनिला फज मोडण्याचं ठरून गेलेलं. १४ मार्च १९७० ला लाँग आयलंडच्या अ‍ॅक्शन हाऊस या क्लबात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि बोगर्ट-अपीस जोडी बिनगिटारीची, बिनगायकाची उरली.

कॅक्टसचा जन्म हा असा. ज्याच्यासाठी मांडव घातला तो आला नाही, म्हणून दुसरे शोधले. ते दुसरे कमी नव्हते, हेही लगेच सांगायला हवं.

दोघेही डेट्रॉइटच्या मुशीतून आले. गिटारवर जिम मॅकार्टी, आधी मिच रायडरच्या डेट्रॉइट व्हील्समध्ये, मग बडी माइल्सबरोबर. गोंधळ टाळण्यासाठी एक सांगून ठेवतो. यार्डबर्ड्समध्ये जेफ बेकबरोबर जो जिम मॅकार्टी होता तो इंग्लंडचा आणि ड्रमर. नाव एक, माणसं दोन. दोघांच्या कहाणीत बेक असल्यामुळे भलेभले फसतात, छापील लेखांतसुद्धा. आमचा मॅकार्टी गिब्सन गिटारचा जाड, भरलेला आवाज काढणारा ब्लूजवाला. फापटपसारा कमी, सूर ओढून धरायची सवय. गायक रस्टी डे हा टेड न्यूजंटच्या अँबॉय ड्यूक्समधून आलेला. गळा खरखरीत, हार्मोनिका चांगली, आणि रंगमंचावर बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

पहिला मोठा कार्यक्रम थेट १६ मे १९७० ला, फिलाडेल्फियाच्या टेंपल स्टेडियममध्ये. त्याच मंचावर जिमी हेंड्रिक्स, ग्रेटफुल डेड आणि स्टीव्ह मिलर बँड. व्हॅनिला फजच्या निरोपाला जेमतेम दोन महिने झाले होते. ऑगस्टमध्ये तर ते इंग्लंडला आइल ऑफ वाइटच्या त्या प्रचंड महोत्सवात वाजून आले, २८ तारखेला, शुक्रवारी. दोन दिवसांनी तिथेच हेंड्रिक्सचा इंग्लंडमधला शेवटचा कार्यक्रम झाला. त्यांच्या तिथल्या वादनाचा तुकडा पुढच्या वर्षी निघालेल्या महोत्सवांच्या तीन तबकड्यांच्या संचात आहे. संधी मिळाली नाही, हे कारण त्यामुळे मला मान्य नाही. नव्या बँडला पहिल्याच वर्षी एवढे मंच मिळणं म्हणजे चैनच होती.

पहिला अल्बम, नाव फक्त 'कॅक्टस', जुलै १९७० मध्ये आला. कंपनी अ‍ॅटको, म्हणजे अटलांटिकचीच शाखा. झेपेलिन अटलांटिकवर होते. एकाच घरातली दोन पोरं म्हटल्यावर तुलना आपोआपच व्हायची, आणि कंपनीला ती हवीच होती.

या अल्बमचं पहिलं गाणं 'पार्चमन फार्म'. इथे मी थांबणार आहे, कारण बँडचं सगळं बळ आणि सगळी अडचण या तीन मिनिटांत सापडते.

गाणं मोझ अ‍ॅलिसनचं, १९५७ चं. मिसिसिपीतल्या एका तुरुंगातल्या कैद्याचं, जॅझ पियानोवाल्यानं शांतपणे, ओठाच्या कोपऱ्यातून हसत म्हटलेलं. कॅक्टसनं त्याचा वेग इतका चढवला की शब्द ऐकू येईपर्यंत ओळ संपलेली असते. पण नुसता वेग म्हणून मी हे विद्यार्थ्यांना ऐकवत नाही. याचा ठेका शफल आहे. तबला शिकलेल्याला सांगायचं तर प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गाळायचा. सावकाश वाजवलं तर कुणालाही जमतं, डोकं आपोआप डोलतं. वेग वाढवत नेला की उजवा हात थकतो. कोपरापासून मनगटापर्यंत हात ताठ होतो, तिसरा ठोका आळस करून अलीकडे सरकतो आणि मात्रेच्या बरोबर मध्यावर येऊन बसतो. तिथे शफल मेला. उरते सरळ टकटक. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण डोलणारं डोकं थांबतं.

अपीसचा तिसरा ठोका त्या वेगातही जागेवरून हलत नाही. तो उशिरा येतो, पुढच्या मात्रेला चिकटून येतो, आणि वर हा माणूस मोठ्या सेटवर पूर्ण ताकदीनं मारतो आहे. जॅझवाले असा वेग हलक्या हातानं, काठ्यांच्या टोकांवर पेलतात. याच्या हातात जाड काठ्या, खाली २६ इंची किक. हे शारीरिकदृष्ट्या किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे गाणं लगेच वाजवू देत नाही. आधी निम्म्या लयीत, नुसत्या उजव्या हातानं, हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर. तिसरा ठोका अलीकडे घसरायला लागला की लय वाढवायची नाही, तिथेच थांबून हात झटकायचा. अपीसनं १९७२ मध्ये रॉक ड्रमिंगचं एक शिकवणीचं पुस्तक लिहिलं, 'रिअलिस्टिक रॉक'. ते आजही शिकवण्यांत चालतं, माझ्याही. कॅक्टस मोडत असताना हा माणूस धडे लिहीत होता, याची मला गंमत वाटते.

आता त्याच गाण्यात बास ऐका, जमलं तर हेडफोनवर. बासवादकाला आपण पहिल्या दिवशी काय सांगतो? किक ड्रमला धरून राहा. बोगर्ट धरून राहत नाही. तो गळ्यापर्यंत वर चढतो, गिटारच्या वाक्याला उत्तर देतो, मध्येच स्वतःचं वाक्य सुरू करतो, आणि त्याच्या बासचा आवाज फाटलेला, गुरगुरणारा आहे. तरीही समेवर तो चुकून वाकडा पडलेला मला सापडलेला नाही. या दोघांना एकमेकांचा इतका अंदाज होता की दोघेही एकाच वेळी मोकाट सुटू शकत. बिली शीहानसारख्या पुढच्या पिढीतल्या बासवादकानं बोगर्टला आपला आदर्श मानलं ते उगाच नाही.

हे ऐकताना अंगावर काटा येतो. आणि अडचणही इथेच आहे. ड्रम्स आघाडीवर, बास आघाडीवर, गिटारला आघाडीवर राहावंच लागतं. मग गायकानं उभं कुठे राहायचं? मैफलीत तबलजी आणि पेटीवाला दोघेही सारखे लग्गी-लडी लावून बसले तर गवयाला ख्याल मांडायला फट उरत नाही, तसं. रस्टी डे या गदारोळात गाण्यापेक्षा हाकारे घालतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, दुसरं काही करायला जागाच नव्हती. त्याच अल्बममध्ये एक संथ ब्लूज आहे, 'नो नीड टू वरी'. तिथे जरा उसंत मिळाल्यावर तो किती चांगला गातो ते ऐकू येतं. एक हळवं, जवळपास अकुस्टिक गाणंही आहे, डेट्रॉइटच्या दक्षिणेकडच्या मुलीवरचं. मला ते आवडतं, पण तो बँडचा स्वभाव नव्हे. शेवटच्या गाण्यात भलामोठा ड्रम सोलो आहे. ड्रमर असूनही सांगतो, तो एकदा ऐकला की पुरे.

पहिला अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत ५४ व्या क्रमांकापर्यंत गेला. नव्या बँडला हे उत्तम. पुढचे आकडे पाहा: दुसरा ८८, तिसरा १५५, चौथा १६२. डॉक्टरनं तापाचा तक्ता पाहावा तसे हे पाहून कुणीही निदान करील.

दुसरा अल्बम 'वन वे... ऑर अनदर', फेब्रुवारी १९७१. न्यूयॉर्कला हेंड्रिक्सनं बांधून घेतलेल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ध्वनिमुद्रणकार एडी क्रेमरच्या हाताखाली केलेला. आवाज पहिल्यापेक्षा सुबक. इथेही डोक्यात राहतं ते उसनं गाणं: लिटल रिचर्डचं 'लाँग टॉल सॅली'. मूळ गाणं सुसाट. यांनी उलटा प्रयोग केला, ते पार संथ आणि वजनदार करून टाकलं. व्हॅनिला फजची जुनी युक्ती, फक्त ऑर्गनच्या जागी गिटार. घरची गाणी बहुतेक बूगीच्या, म्हणजे ब्लूजच्या नाचऱ्या ठेक्याच्या साच्यातली, चांगली वाजवलेली आणि ऐकून झाल्यावर एकमेकांत मिसळून जाणारी. 'होमटाउन बस्ट' हे पोलिसांच्या धाडीवरचं गाणं तेवढं वेगळं काढावं. 'साँग फॉर एरीज' हे नुसत्या वाद्यांचं, नाजूक. ही माणसं एरवी इतका आवाज का करत होती असा प्रश्न ते ऐकून पडतो.

तिसरा 'रेस्ट्रिक्शन्स', ऑक्टोबर १९७१. आठ महिन्यांत पुढचा अल्बम, मध्ये सतत कार्यक्रम. तेव्हाच्या कंपन्या असंच राबवून घेत. यावर 'ईव्हिल' आहे आणि माझ्या मते कॅक्टसचं हे सगळ्यात पक्कं काम. गाणं विली डिक्सननं लिहिलेलं, हाउलिन वुल्फनं १९५४ मध्ये चेस कंपनीसाठी गायलेलं. कॅक्टसनं त्याची चाल जवळजवळ टाकून दिली आणि एक तुटक, अडखळत चालणारा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं गिटारचं छोटं वाक्य, लावला: मारा, थांबा, पुन्हा मारा, आणि मधल्या रिकाम्या जागेत गायक ओरडतो. इथे पहिल्यांदा तिघे वादक गायकाला जागा सोडतात. म्हणून रस्टी डे इथे भयंकर प्रभावी वाटतो. १९९३ मध्ये मॉन्स्टर मॅग्नेट या बँडनं हे गाणं घेतलं ते वुल्फच्या नव्हे, कॅक्टसच्या बांधणीनं. व्हॅन हेलन या बँडच्या त्या गडगडत्या शफल ठेक्यांचा वंशही इथवर मागे नेता येतो. त्यांचं 'हॉट फॉर टीचर' आणि 'पार्चमन फार्म' एकामागून एक लावून पाहा.

पण हिशेब करा. 'पार्चमन फार्म', 'लाँग टॉल सॅली', 'ईव्हिल'. तीन अल्बम, तिन्हींतलं लक्षात राहणारं गाणं दुसऱ्याचं. झेपेलिनही सुरुवातीला ब्लूजवाल्यांकडून सढळ हातानं घ्यायचे, कधी कधी न सांगताही, आणि पुढे त्याबद्दल त्यांना कोर्टाबाहेर हिशेब मिटवावे लागले. पण त्यांच्याकडे गिटारवादक जिमी पेज होता. तो रचनाकार होता, निर्माता होता, सत्रांमध्ये वाजवून वाजवून स्टुडिओ कोळून प्यायलेला होता. कुठल्या गाण्यात बॉनमला मोकळं सोडायचं आणि कुठे मुकाट बसवायचं हे तो ठरवायचा. ब्लॅक सॅबथकडे टोनी आयोमीचे रिफ, आणि ते रिफच गाणं असायचे. कॅक्टसमध्ये गाण्यांखाली चौघांची नावं पडत, आणि चौघांचं जे असतं ते बऱ्याचदा तालमीत जुळून आलेलं असतं, बसून रचलेलं नसतं. मी अशा तालमी आयुष्यभर केल्या आहेत. एकानं रिफ काढला, दुसऱ्यानं ठेका धरला, दहा मिनिटं सगळे खूश, आणि त्याला गाणं म्हणून मोकळे. मंचावर ते खपतं. रेकॉर्ड घरी नेऊन चौथ्यांदा लावणाऱ्याला ते पुरत नाही.

'अमेरिकेचा झेपेलिन' या बिरुदानं भलं केलं की वाटोळं? माझ्या मते वाटोळंच. एक तर वाक्याच्या सुरुवातीलाच दुसऱ्याचं नाव. शिवाय १९७१ च्याच नोव्हेंबरात झेपेलिनचा चौथा अल्बम आला. त्याच्याशेजारी 'रेस्ट्रिक्शन्स' ठेवून कोण काय विकत घेणार? अमेरिकेतल्याच ग्रँड फंक रेलरोडकडे वादनाची एवढी करामत नव्हती, समीक्षक त्यांना झोडपत, पण लोकांना सोबत म्हणता येतील अशी गाणी होती. त्यांनी १९७१ मध्ये शे स्टेडियम भरून दाखवलं.

'रेस्ट्रिक्शन्स'नंतर मॅकार्टी बाहेर पडला. ज्याला सूर धरून ठेवायला आवडतं अशा गिटारवाल्याचा त्या गदारोळात जीव घुसमटणं मला समजतं. मागोमाग रस्टी डेलाही जावं लागलं. म्हणजे १९७१ सरता सरता डेट्रॉइटचं अर्धं अंग गळून पडलं आणि न्यूयॉर्कची जोडी पुन्हा होती तिथे आली.

नवी भरती झाली: गिटारवर वर्नर फ्रिट्झशिंग्ज, कीबोर्डवर ड्वेन हिचिंग्ज, गायला इंग्लंडहून पीट फ्रेंच. हा फ्रेंचही नमुनेदार. आधी लीफ हाउंडमध्ये होता. त्यांचा एकच अल्बम निघाला, आणि त्याच्या मूळ प्रतींसाठी आज संग्राहक वाट्टेल ती किंमत मोजतात. मग अ‍ॅटॉमिक रूस्टरबरोबर एक अल्बम. आणि आता कॅक्टसबरोबर एक. बुडत्या जहाजांवर चढण्याचं याला काय वेड होतं कोण जाणे. गातो मात्र झकास, रस्टी डेपेक्षा घोटीव. चौथा अल्बम 'ऑट अँड स्वेटी', ऑगस्ट १९७२. त्याची एक बाजू पोर्तो रिकोतल्या मार ई सोल महोत्सवात एप्रिलमध्ये थेट ध्वनिमुद्रित केलेली, दुसरी स्टुडिओतली. थेट बाजू ऐकण्यासारखी आहे. स्टुडिओतली गाणी कुठल्याही बँडची असू शकली असती.

तोवर जेफ बेक बरा होऊन दुसरा ग्रुप काढून, दोन अल्बम करून, तोही जुलै १९७२ मध्ये मोडून बसला होता. त्यानं हाक मारली आणि बोगर्ट-अपीस गेले. अडीच वर्षं लांबलेला बेत पुरा झाला, फक्त स्टुअर्ट वगळून. कॅक्टसचं नाव हिचिंग्जनं नव्या माणसांना घेऊन एका अल्बमपुरतं ओढलं, त्यात पाहण्यासारखं फारसं नाही.

बेक, बोगर्ट अँड अपीस या त्रिकुटाचा स्टुडिओ अल्बम १९७३ चा, एकच. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं कुठलं? 'सुपरस्टिशन', स्टीव्ही वंडरचं. ते बेकला देण्याचं ठरलं होतं, पण वंडरचं स्वतःचं आधी बाजारात आलं आणि पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. पुन्हा उसनं गाणं, पुन्हा अफाट वादन, पुन्हा गायकाचा प्रश्न. १९७४ मध्ये हेही संपलं. जपानमधला १९७३ चा कार्यक्रम तेव्हा फक्त जपानमध्येच प्रसिद्ध झाला, तो मिळाला तर सोडू नका. अपघात झाला नसता तर काय, या प्रश्नाचं जे काही उत्तर मिळण्यासारखं आहे ते या त्रिकुटानं देऊन ठेवलंय. अपघात टळता तरी हे फार टिकलं नसतं, असं मला वाटतं. स्टुअर्ट असता तर कदाचित गाणी आली असती, कारण तो लिहिणारा होता.

तेही झालंच म्हणा, वेगळ्या वाटेनं. अपीस पुढे रॉड स्टुअर्टच्या बँडमध्ये ड्रमर झाला. १९७८ मध्ये 'डू या थिंक आय'म सेक्सी' आलं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आपल्याकडेही डिस्कोच्या लाटेत पार्ट्यांमधून वाजलं. त्याखाली तीन नावं आहेत: स्टुअर्ट, अपीस आणि ड्वेन हिचिंग्ज. म्हणजे कॅक्टसच्या शेवटच्या काळातल्या दोघांनी मिळून स्वतःचं म्हणता येईल असं गाणं लिहिलं ते डिस्कोचं. हार्ड रॉकवाले यावर नाक मुरडतात. किकचा ठोका ऐका, पाय अपीसचाच आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. मॅकार्टीनं डेट्रॉइटला परत जाऊन रॉकेट्स हा बँड काढला, तो चांगला चालला. रस्टी डेचा शेवट वाईट झाला. ३ जून १९८२ ला फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या लाँगवुडमध्ये राहत्या घरी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्यासोबत त्याचा मुलगा आणि एक मित्रही गेले. खुनाचा छडा लागलेला नाही. २००६ मध्ये मॅकार्टी, बोगर्ट आणि अपीस पुन्हा एकत्र आले, जिमी क्युन्स गायक, 'कॅक्टस फाइव्ह' हा अल्बम केला. म्हाताऱ्यांचं पुनर्मीलन म्हणून मी दबकत लावला होता, पण वादनाला गंज चढलेला नाही. बोगर्टनं हॉलिवूडच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं बास शिकवला आणि १३ जानेवारी २०२१ ला तो गेला. अपीस अजून कॅक्टसच्याच नावानं वाजवतो आहे.

ऐकायचं कसं? सुरुवात 'पार्चमन फार्म'नं करा, पण आधी मोझ अ‍ॅलिसनचं मूळ ऐका, नाहीतर काय केलंय ते कळणार नाही. मग 'ईव्हिल', त्याआधी हाउलिन वुल्फ. मग पहिला अल्बम सलग, शेवटचा सोलो वगळून. दुसऱ्यातून 'लाँग टॉल सॅली', 'होमटाउन बस्ट' आणि ते नाजूक 'साँग फॉर एरीज'. तिसऱ्यातून 'अलास्का' जरूर, थंडीनं गारठलेल्या माणसाचं विनोदी गाणं, जॅझच्या अंगानं जाणारं. अपीसचा हात तिथे किती हलका पडतो ते ऐकण्यासारखं आहे. चौथ्याची थेट बाजू. २००४ मध्ये ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीनं पहिल्या फळीच्या स्टुडिओ सत्रांचा आणि थेट कार्यक्रमांचा असे दोन संच काढले. वेड लागलंच तर तिकडे वळा, थेट संच आधी घ्या. आणि फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यात बोगर्ट ऐकूच येत नाही, आणि बोगर्ट नसेल तर कॅक्टस ऐकून उपयोग नाही.